चार ते सहा वर्षांच्या विशेष मुलांचा वर्ग रोज हाताबाहेर जातो, काय करू?

तुम्ही लिहिलंय की जूनपासून विशेष शाळेत लागलात, वर्गात आठ मुलं आहेत, त्यातली तीन स्वमग्न, दोन डाऊन सिंड्रोमची, आणि निम्मा वेळ रडारडीत नि पळापळीतच जातो. मला या वयाच्या मुलांबरोबर चौदा वर्षं झाली. पहिल्या वर्षी मी घरी जाऊन रडायचे, त्यामुळे आपल्याला जमणारच नाही असं इतक्यात ठरवू नका.

आधी एक करा. आठवडाभर, गोंधळ नेमका किती वाजता होतो ते वहीत टिपा. माझा अंदाज सांगते: पाठ चालू असताना फारसा होत नसणार. होत असणार तो एक काम संपून दुसरं सुरू होण्याच्या मधल्या दोन-चार मिनिटांत. प्रार्थनेहून वर्गात येताना, मणी ओवणं थांबवून डब्याला बसताना, मैदानावरून आत येताना. पाठटाचणात या मिनिटांना रकानाच नसतो. पुढे काय आहे हे आपल्याला माहीत असतं, पण त्या पोराच्या दृष्टीने कुणीतरी अचानक येऊन हातातले मणी काढून घेतलेले असतात. ओरडणार नाही तर काय करेल?

म्हणून चित्रांचं वेळापत्रक. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला वेलक्रोची पट्टी लावायची आणि त्यावर वरून खाली दिवसाची चित्रं. काम संपलं की चित्र मुलानेच ओढून काढायचं आणि ‘झालं’च्या डब्यात टाकायचं. सगळी गंमत त्या टाकण्यात आहे. नुसता तक्ता टांगला तर तो तपासणीच्या दिवशी साहेबांना दाखवण्यापुरताच. आणि चित्रं नेटवरून उतरवू नका. मी पहिल्या वर्षी छान रंगीत संच छापून, लॅमिनेट करून आणला होता. त्यात संडासाच्या चित्रात कमोड, आणि आमच्या शाळेत भारतीय पद्धतीचा संडास. एक मुलगी ते कार्ड हातात धरून सगळी शाळा हिंडली आणि शेवटी व्हायचं तेच झालं. तेव्हापासून मोबाइलवर आपल्याच शाळेतल्या वस्तूंचे फोटो काढते. ज्याला फोटोही कळत नाही त्याच्या हातात वस्तूच द्यायची. डब्याची वेळ असेल तर चमचा, मैदानाची असेल तर चेंडू. ज्याला अख्खा दिवस झेपत नाही त्याच्यापुरती दोनच चित्रं: ‘आधी’ आणि ‘मग’. आधी ठोकळे, मग झोका.

भाषेचं बघा. आमच्याकडे एकाच गोष्टीला मी ‘शू’ म्हणायचे, मावशी ‘बाथरूम’ म्हणायच्या आणि घरी आई ‘सू’. मुलाला बोलता येत नाही, त्यात शब्द तीन! मावशींना बरोबर घेऊन, घरच्यांशी बोलून एकच शब्द ठरवा. सूचना दोन-तीन शब्दांची द्या: ‘बाळा, आता चल बरं, उठ, चप्पल घाल पाहू’ नको, ‘चप्पल घाल’ एवढंच. आणि एकदा सांगितलं की मनात दहा आकडे मोजा, पुन्हा सांगू नका. पुष्कळ मुलांना ऐकलेलं पोचायलाच तेवढा वेळ लागतो. आपण चौथ्या सेकंदाला पुन्हा बोललो की त्याचं सगळं पहिल्यापासून सुरू. दहा सेकंद गप्प बसणं मला अजूनही जड जातं.

चावणं, फेकणं यावर शिक्षा करण्याआधी तीन रकाने पाडा: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. आमचा एक मुलगा रोज डबा भिरकावायचा. घरची भाजी आवडत नसेल असं धरून आम्ही आईला बोल लावत राहिलो. आठ दिवसांच्या नोंदी वाचल्या तेव्हा कळलं, डबा उडायचा तो शेजारच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली की. मावशींनी कुकर अर्धा तास आधी लावायला सुरुवात केली, डबे उडायचे थांबले. त्या माऊलीची माफी मात्र मी मागितली. गणपतीत ढोल-ताशा आणि स्नेहसंमेलनात स्पीकर, हे दोन महिने अशा मुलांसाठी आधीच हिशेबात धरा.

भिंती थोड्या रिकाम्या ठेवा. निदान मुलं ज्या बाजूला तोंड करून काम करतात ती तरी. पताका, फुलपाखरं, बाराखडी सगळं एकाच भिंतीवर असलं की स्वमग्न मुलाने बघायचं कुठे? मुख्याध्यापिका कुरकुर करतील, करू द्या.

शिकवायचं काय, हा तुमचा दुसरा प्रश्न. त्यासाठी सिकंदराबादच्या बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची (पूर्वीची एनआयएमएच, आता एनआयईपीआयडी) एफएसीपी यादी, म्हणजे मुलाला काय येतं हे तपासून पुढचं शिकवणं ठरवायची यादी, कोर्सला हाताळली असेलच, ती पुन्हा काढा. पण प्रत्येक मुलासाठी एका वेळी दोनच उद्दिष्टं घ्या. आणि ती उलट्या बाजूने शिकवा. डबा उघडण्याचंच घ्या. आपण पहिल्या पायरीपासून शिकवतो आणि मूल मध्येच कंटाळतं. त्याऐवजी झाकण तुम्ही जवळजवळ पूर्ण फिरवा, शेवटचा एक वेढा त्याला फिरवू द्या. झाकण त्याच्या हाताने निघतं आणि समोर पोळीभाजी, वेगळं बक्षीस द्यावंच लागत नाही. तेवढं पक्कं झालं की शेवटचे दोन वेढे त्याचे. मग तीन. हात धरायचा असेल तर मनगटापाशी धरा, मग कोपरापाशी, मग नुसतं बोट दाखवा. मदत हळूहळू काढून घ्यायची राहिली तर मूल हात पुढे करून तुमचीच वाट बघत बसतं.

डाऊन सिंड्रोमच्या एका मुलीला डब्याचं पूर्ण झाकण उघडायला आमच्याकडे दिवाळीपासून होळीपर्यंतचा वेळ लागला. आता ती स्वतःचा उघडून झाला की इतर सातांचेही उघडते, सकाळी दहा वाजताच. सध्या मी ‘झालं’च्या डब्याशेजारी ‘अजून नाही’चं कार्ड बनवतेय.