भारतात लोहखनिज मुबलक असूनही ते सरळ भट्टीत का घालता येत नाही?

भारतात लोहखनिजाचे साठे इतके मोठे असताना पोलाद कारखान्यांना चांगल्या खनिजाची चणचण का भासते, असे आपण विचारले आहे. मी खनिज प्रक्रियेच्या क्षेत्रात काम करतो आणि माझ्या मते या अडचणीचे मूळ खनिजाबरोबर येणाऱ्या चिकणमातीत, म्हणजेच तिच्यातील ॲल्युमिनात (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडात) आहे. खाणींच्या परवान्यांवरून वाद पुष्कळ झडतात, पण या मातीविषयी फारसे कोणी बोलत नाही.

ओडिशा, झारखंड, छत्तीसगड आणि कर्नाटक येथे मुख्यतः हेमॅटाइट हे लोहाच्या ऑक्साइडाचे खनिज सापडते. शुद्ध हेमॅटाइटमध्ये सुमारे ७० टक्के लोह असते आणि बैलाडिलासारख्या ठिकाणचे चांगले खनिज ६५ टक्क्यांच्या आसपास भरते, त्यामुळे लोहाच्या बाबतीत आपण मुळीच मागे नाही. परंतु साधारण दर्जाचे ढेकूळ फोडून भिंगाखाली धरले, तर करड्या, चमकदार हेमॅटाइटच्या थरांमध्ये पिवळसर गोएथाइट (पाण्याचा अंश असलेले लोहखनिज) आणि बारीक छिद्रांत बसलेली पांढुरकी केओलिनाइट माती दिसते. ही माती बोटाने पुसली जाते, पण छिद्रांतून पुरती निघत नाही. मातीतील दुसरा घटक, सिलिका, भट्टीत चुनखडीशी संयोग पावून मळीत, म्हणजे वितळलेल्या टाकाऊ द्रवात, निघून जाते. ॲल्युमिना वाढला की मात्र मळी घट्ट होते आणि नीट वाहत नाही, आणि ती पातळ राखण्यासाठी अधिक उष्णता आणि अधिक चुनखडी व डोलोमाइट द्यावे लागते, म्हणजे कोकही अधिक जाळावा लागतो. कोकसाठी लागणारा कोळसा आपण बव्हंशी परदेशातून आणतो, तेव्हा या मातीची किंमत शेवटी परकीय चलनात मोजावी लागते.

मग खनिज धुऊन का घेत नाहीत? धुतात, पण खरी कसोटी तेथेच लागते. आपले खनिज ठिसूळ असल्याने फोडताना त्याचा बराच भाग चुऱ्यात जातो. पावसाळ्यात हा ओला चुरा चाळणीच्या भोकांत चिकटून बसतो आणि चाळणी बंद करून ती हाताने मोकळी करावी लागते. पाण्याने धुतल्यावर माती निघते खरी, परंतु तिच्याबरोबर अतिसूक्ष्म लोहकणही वाहून जातात. या गाळात, ज्याला आम्ही स्लाइम म्हणतो, अनेकदा ५५ टक्क्यांच्या आसपास लोह असते. काही देशांत ज्या दर्जाचे खनिज मुद्दाम खणून काढतात, त्याहून चांगला माल आपण तलावात साठवून ठेवतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. शिवाय असे तलाव धोकादायकही असतात: ब्राझीलमधील ब्रुमाजिन्यो येथे २०१९ साली अशाच तलावाचा बांध फुटून सुमारे २७० माणसे मृत्युमुखी पडली.

या गाळातून लोह वेगळे करणे अवघड असण्याचे कारण असे की, हेमॅटाइट साध्या चुंबकाला दाद देत नाही, त्याला तीव्र क्षेत्राचे चुंबकीय यंत्र लागते. आणि गोएथाइटचे व मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना इतके चिकटून असतात की फेसाच्या साहाय्याने वेगळे करण्याची पद्धतही अपुरी पडते. मॅग्नेटाइट या साध्या चुंबकालाही चिकटणाऱ्या लोहखनिजाच्या बाबतीत हे काम पुष्कळ सोपे आहे. कर्नाटकातील कुद्रेमुख येथे सुमारे ३८ टक्के लोहाचे खनिज ६७ टक्क्यांपर्यंत नेऊन नळातून मंगळूरला पाठवले जात असे. परंतु भारतातील बरेचसे मॅग्नेटाइट पश्चिम घाटाच्या जंगलाखाली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने कुद्रेमुखची खाण २००५ च्या अखेरीस बंद झाली, आणि भद्रा नदीच्या उगमाजवळचे ते जंगल पाहता तो निर्णय मला योग्यच वाटतो.

परवान्यांचा प्रश्न थोडक्यात सांगतो. बेकायदा उत्खननामुळे २०११ मध्ये बळ्ळारीत आणि २०१२ मध्ये गोव्यात खाणकाम थांबवावे लागले. त्यात दोष नियमांपेक्षा ते मोडणाऱ्यांचा अधिक होता. धोरणातील धरसोडीचा फटका मात्र चुऱ्याला बसतो. मे २०२२ मध्ये लोहखनिजावर सरसकट ५० टक्के निर्यात शुल्क लावले गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते मागे घेतले. ५८ टक्क्यांहून कमी लोहाच्या चुऱ्याला देशात गिऱ्हाईक थोडे, आणि त्याचे पेलेट, म्हणजे भट्टीत घालण्याजोग्या गोळ्या, करायचे तर तो पिठासारखा दळून शुद्ध करण्यास वीज आणि पाणी भरपूर लागते. असा कारखाना उभा करणाऱ्याला काही वर्षांची तरी खात्री हवी असते.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी सुधारणा दर ठरवण्याच्या पद्धतीत हवी. नागपूरचे भारतीय खाण ब्युरो सरासरी विक्रीमूल्य जाहीर करते ते ढेकूळ की चुरा आणि लोहाची टक्केवारी किती, एवढ्यावरून; सरकारचे १५ टक्के स्वामित्वधन (रॉयल्टी) याच मूल्यावर आकारले जाते. ॲल्युमिना या हिशेबात कुठेच येत नाही. म्हणजे जो खाणमालक खर्च करून माती काढतो, त्याच्या मालातील लोहाची टक्केवारी वाढते आणि स्वामित्वधनही वाढीव मूल्यावर भरावे लागते, तर जो न धुता माल विकतो त्याला कमी भरावे लागते. हा हिशेब बदलला, तर आज तलावात पडून असलेला गाळ उपसणेही परवडू लागेल.