डब्यावर काहीच लिहिलेलं नसेल तर ३५ एमएमची प्रिंट स्कोप आहे की फ्लॅट, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या फिल्म क्लबला एका बंद पडलेल्या थिएटरमधून आठ डबे मिळालेत, मशीन चालू आहे, लेन्स दोन आहेत, आणि लेबलं नसल्यामुळे कुठली लेन्स, कुठली प्लेट (चित्राच्या कडा कापणारा चौकोनी भोकाचा पत्रा) लावायची ते कळत नाही. स्कोप म्हणजे फिल्मवर आडवं दाबलेलं चित्र, फ्लॅट म्हणजे न दाबलेलं. लेबलं नाहीत म्हणून हळहळू नका. असती तरी त्यांच्यावर विसंबू नका असंच मी सांगितलं असतं. डबा एका चित्रपटाचा आणि आत रीळ दुसऱ्याचं, हे मी केबिनमध्ये इतक्यांदा पाहिलंय की झाकणाकडे बघायचं मी सोडूनच दिलं.

आधी झाकण उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती ॲसिटेटची फिल्म आहे आणि कुजायला लागली आहे. तो डबा बाकीच्यांपासून लांब ठेवा. मग रीळ बाजूने उजेडासमोर धरा. उजेड आरपार झिरपला तर पॉलिएस्टर, काळं दिसलं तर ॲसिटेट. हे आत्ताच कळलेलं बरं, कारण सिमेंटचा जोड पॉलिएस्टरवर बसत नाही, तिथे टेपच लागते. काठावर इंग्रजीत ‘सेफ्टी’ छापलेलं दिसलं तर पुढे चला. ‘नायट्रेट’ दिसलं, किंवा १९५० च्या आधीची फिल्म असून काठावर काहीच दिसत नसेल, तर तिथेच थांबा. ती मशीनवर चढवायची नाही, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवायचं. नायट्रेट एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही.

आता मूळ प्रश्न. रिवाइंडिंगच्या टेबलावर लीडर (रिळाच्या सुरुवातीची बिनचित्राची पट्टी) संपून चित्र सुरू होतं तिथे फिल्म दिव्यासमोर धरा आणि दोन चौकटींमधली काळी रेघ बघा. चित्रात काय आहे ते नंतर, आधी रेघ. चार छिद्रांची एक चौकट साधारण १९ मिलिमीटर उंच असते. त्यातलं किती चित्राने व्यापलंय आणि किती काळं आहे, यावर बहुतेक निकाल लागतो.

रेघ केसासारखी बारीक आणि माणसं उभी ताणलेली, चेहरे काकडीसारखे, तर स्कोप. चित्र आडवं निम्म्याने दाबलेलं असतं, ॲनामॉर्फिक लेन्स ते पडद्यावर परत पसरवते. चेहऱ्यावरून खात्री होत नसेल तर गाडीचं चाक किंवा भिंतीवरचं घड्याळ शोधा. अंड्यासारखं दिसलं की संपलं. भारतात पहिला सिनेमास्कोप चित्रपट १९५९ चा ‘कागज के फूल’, त्यामुळे त्याआधीचं हिंदी किंवा मराठी रीळ असेल तर हा विचार करायलाच नको. आणि पोस्टरवर ७० एमएम लिहिलंय म्हणून गोंधळू नका. ‘शोले’सुद्धा ३५ वरच चित्रित करून मग ७० वर मोठा केलेला आहे. तुमच्या डब्यात ३५ ची पट्टी असेल तर ती ३५ चीच.

रेघ बारीक पण माणसं नेहमीसारखी, आणि चित्र दोन्हीकडच्या छिद्रांपर्यंत पसरलेलं, तर तो मूकपट. बोलपटाच्या प्लेटमधून दाखवलात तर साउंडट्रॅकच्या बाजूचा तुकडा कापला जाईल.

रेघ सात-आठ मिलिमीटर जाड असेल तर १.८५ चा फ्लॅट, म्हणजे चित्राची रुंदी उंचीच्या १.८५ पट. सहाच्या आसपास असेल तर १.६६. इथवर सोपं आहे.

गोची होते ती तीन-चार मिलिमीटरच्या रेघेशी. हा १.३७ चा जुना चौकोनी चित्रपट असू शकतो. किंवा चित्रित करताना वर-खाली जास्तीची जागा सोडून, थिएटरात प्लेटने कापायचं ठरवलेला १.८५ चाही असू शकतो. पट्टीवर दोघं सारखेच दिसतात. माझी फजिती इथेच झाली. एका सोसायटीच्या शोला सबटायटल असलेली जुनी कृष्णधवल प्रिंट होती. मी सवयीने रुंद प्लेट लावली. नावं पडद्याच्या मधोमध होती, छान बसली. पहिला क्लोजअप आला आणि नायकाचं कपाळ गायब. फ्रेमिंगची मूठ फिरवून चित्र खाली घेतलं तर सबटायटल गेली. वर घेतलं तर डोकं गेलं. खालून लोक ओरडताहेत, ‘अहो, डोकं! डोकं!’ आणि मी वर-खाली, वर-खाली. दुसऱ्या रिळाला प्लेट बदलली तेव्हा सुटलो.

तेव्हापासून मी दोन गोष्टी बघतो. प्रत्येक क्लोजअपमध्ये डोक्यावर उगाच मोकळं आभाळ आहे का? कुठे माइक किंवा सेटची वरची कड डोकावते का? असेल तर तो कापूनच दाखवायचा. दुसरी खूण जास्त पक्की: डिझॉल्व (एक दृश्य दुसऱ्यात विरघळणं), सुपर (चित्रावर चढवलेलं दुसरं चित्र किंवा अक्षरं), श्रेयनामावली असे लॅबमध्ये तयार झालेले तुकडे शोधा. अख्ख्या रिळात रेघ बारकी आणि तेवढ्याच तुकड्यांत जाड असेल, तर त्या जाड रेघेचं माप हेच चित्रपटाचं माप.

साउंडट्रॅकवरून चित्राचा आकार कळत नाही, प्रिंटचं वय मात्र कळतं. छिद्रांच्या मधल्या जागेत राखाडी चौकोन दिसले तर डॉल्बी डिजिटल, म्हणजे १९९२ नंतरची. चित्र आणि ट्रॅकच्या मधे तुटक रेघ असेल तर डीटीएस, १९९३ पासूनची. तिचा आवाज वेगळ्या सीडीवर असायचा, ती तुम्हाला मिळालेली नसणार. काळजी नको, शेजारी फिल्मवरच छापलेला साधा ऑप्टिकल ट्रॅक असतोच. तो काळा नसून निळसर दिसला तर मात्र मशीनच्या साउंडहेडमध्ये लाल एलईडी लागेल. जुन्या पिवळ्या बल्बवर आवाज अगदी मेलेला येतो.

सेन्सॉरचं सर्टिफिकेट सापडलं तर त्यावर रिळांची संख्या आणि लांबी मीटरमध्ये असते. मिनिटाला २७.४ मीटर फिल्म जाते, म्हणजे ४११५ मीटर असेल तर अडीच तास. आठ डब्यांत तेवढी फिल्म भरते का ते मोजा. बहुतेक वेळा एखादं रीळ कमी निघतं, आणि ते शोच्या दिवशी मध्यंतरानंतर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

आणि हे सगळं आठही रिळांना करा, पहिल्यावर थांबू नका. तीन-चार मिलिमीटरवाल्यात अडकलात तर एखाद्या क्लोजअपची पट्टी मोजपट्टीशेजारी ठेवून फोटो टाका, प्लेट कुठली ते सांगतो.