क्लास सोडून देऊ का?

“मॅडम, क्लास सोडून देऊ का?” खुर्चीत टेकण्याआधीच तिनं विचारलं. वय चोवीस. हिशेब लिहिण्याचं प्रशिक्षण निम्मं झालेलं, निम्मी फी भरलेली. कुणीतरी तिला मोबाइलवर दाखवलं होतं, महिनाभराच्या नोंदी एआयनं मिनिटभरात लावून दिल्या. तेव्हापासून झोप उडाली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

पहिल्या भेटीत समुपदेशक म्हणून मी चुकले. धीर द्यायचा म्हणून आकडे सांगितले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२३च्या अभ्यासात, एआयमुळे यंत्राकडे जाऊ शकतील अशा नोकऱ्यांचं प्रमाण श्रीमंत देशांत ५.५ टक्के आहे, कमी उत्पन्नाच्या देशांत जेमतेम ०.४ टक्के. ती म्हणाली, “पण माझं काम त्यातच येतं ना?” खरंच होतं. त्याच अभ्यासात सर्वांत जास्त धोका कारकुनी कामाला दाखवलाय, आणि झळ बायकांना अधिक. देशांची सरासरी ऐकून एकट्या जिवाची भीती कशी जाईल?

दुसऱ्या भेटीत कागद पुढे केला. “हिशेबाच्या कामात काय काय येतं, लिहा.” नोंदी करणं, बिलं जुळवणं, आकडा कुठे चुकला ते शोधणं, थकलेली उधारी मागणं, पुढच्या महिन्यात हात आखडता घ्या असं मालकाला सांगणं... नऊ कामं निघाली. एआय करू शकेल ती तिनंच खोडली. तीन.

मग तिला केनियातला एक प्रयोग सांगितला. तिथल्या छोट्या व्यावसायिकांना संशोधकांनी व्हॉट्सअॅपवर एआय सल्लागार दिला. सरासरी पाहिली तर फरक दिसला नाही. पण ज्यांचा धंदा आधीच बरा होता त्यांचा सुधारला, आणि जे अडचणीत होते त्यांचा आणखी घसरला. अडचणीतल्यांनी विचारलेले प्रश्नही जास्त अवघड होते. मला यातून एवढं कळतं की सल्ला पारखायला धंद्याची जाण आधी लागते. ती जाण तिला क्लासातच यायची होती.

“म्हणजे नवख्यांनी वापरूच नये?” तसंही नाही. ग्राहक सेवेतल्या पाच हजारांवर कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात, त्यातले बहुतेक फिलिपिन्समधले, सर्वाधिक फायदा नवख्यांनाच झाला. मात्र तिथलं काम ठरावीक होतं आणि एआयनं सुचवलेलं उत्तर द्यायचं की नाही, हे माणूस ठरवत होता.

म्हणून गृहपाठ दिला: आधी स्वतः हिशेब करायचा, मग एआयकडून करून घ्यायचा, आणि जिथे फरक पडेल तिथे कारण लिहायचं.

पंधरा दिवसांनी ती वही घेऊन आली. दोन ठिकाणी तिचीच चूक होती. एका ठिकाणी मात्र गिऱ्हाइकानं परत केलेला माल एआयनं विक्रीतच धरला होता. त्या ओळीखाली तिनं लाल रेघ मारली होती. झोप अजून पुरती लागत नाही म्हणाली. उरलेली फी मात्र भरून टाकली होती.

निघताना दारात थांबली. “मॅडम, उधारी मागायची कशी, हे क्लासात शिकवत नाहीत. ते कुठे शिकू?”