सॅन वानच्या खाणवाटांवर घरच्यांना नेताना

अनेक आशीर्वाद.

जुलैत आई-बाबा येणार आणि त्यांना नि पोरांना घेऊन तू कोलोराडोच्या सॅन वान पर्वतात तंबूत राहणार, हे वाचून फार आनंद झाला. पण तुझा आराखडा मला पटलेला नाही. तीन दिवसांत एंजिनियर, सिनॅमन आणि इमोजीन, अशा तिन्ही खिंडी? इमोजीन काढून टाक. 13,114 फुटांवरची ती अरुंद वाट या खेपेला नको.

ते रस्ते कशासाठी झाले, हे आधी समजून घे. 1873 च्या करारात इथल्या मूळ रहिवासी यूट लोकांकडून हा मुलूख काढून घेतला गेला. मग चांदीच्या मागे आलेल्यांनी खेचरं आणि खनिजाचे गाडे जातील एवढ्याच वाटा डोंगरात खोदल्या. आजचा 65 मैलांचा अल्पाइन लूप, म्हणजे या डोंगरांतून फिरणारा कच्चा वळसा-रस्ता, त्यांतल्याच वाटांचा. बऱ्याच ठिकाणी एका वेळी एकच गाडी मावते. चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, उतरणाऱ्याने थांबायचं. उतरताना फोर-लो (चारही चाकांना जोर देणारी सगळ्यात संथ जोडणी) आणि पहिला गिअर. नुसत्या ब्रेकवर उतरलीस तर ब्रेक तापून धरेनासे होतात. एंजिनियर खिंडीत यूरे गावाच्या बाजूने चढू नकोस, ती बाजू फार खडकाळ आहे. लेक सिटी गावाहून हेन्सन क्रीक या ओढ्याच्या कडेने चढ.

एंजिनियर खिंड 12,800 फुटांवर आहे, कळसूबाईच्या दुपटीहून उंच. म्हणून वर मुक्काम नको. निदान पहिल्या दोन रात्री लेक सिटीच्या आसपास काढा. तेही साडेआठ हजार फुटांच्या वर आहे. बाबांच्या डॉक्टरांना निघण्याआधीच विचारून घे. कुणाचं डोकं दुखून मळमळायला लागलं तर वाट न बघता खाली उतरायचं. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजा कडाडतात, तेव्हा पहाटे निघून दुपारच्या आत खिंड ओलांडा.

आता पाण्याचं, कारण आई ‘उकळून घेऊ की’ म्हणणार. तिथे उकळून भागत नाही. खाणींच्या बोगद्यांमुळे डोंगराच्या पोटातल्या गंधकयुक्त खनिजांना हवा-पाणी लागलं, त्यातून आम्ल तयार होतं, आणि ते जस्त, कॅडमियम, शिसं विरघळवून ओढ्यात आणतं. उकळल्याने जंतू मरतात, धातू तसेच राहतात. साधा कॅम्पिंगचा फिल्टरही ते काढत नाही. काही ओढे तर खाणींच्या आधीपासूनच आम्लधर्मी आहेत. 5 ऑगस्ट 2015 ला ‘गोल्ड किंग’ खाणीत साफसफाईसाठी गेलेल्या सरकारी पथकाच्या हातून साचलेल्या पाण्याला वाट मिळाली. सुमारे 30 लाख गॅलन पाणी सिमेंट क्रीकमधून ॲनिमस नदीत उतरलं आणि नदी नारिंगी झाली. पोरांना हे सगळं सांग, नारिंगी दगड दाखव, पण त्या पाण्यात खेळू देऊ नकोस. पिण्याचं, स्वयंपाकाचं पाणी गावातूनच भरून ने, माणशी रोज चार लिटर तरी.

ॲनिमस फोर्क्सला मात्र निवांत थांबा. 11,200 फुटांवरचं हे ओसाड गाव मला फार प्रिय आहे. 1884 मध्ये इथे 23 दिवस हिमवादळ चाललं, लोक एका घरातून दुसऱ्या घरात जायला बर्फात बोगदे खणत होते. पोरांना रिकाम्या घरांच्या खिडक्यांतून बाहेर बघू दे, आजीला विचारू दे की इथे चूल कशी पेटत असेल. गंजका डबा असो की खिळा, काहीही उचलायचं नाही. कायदाही त्याच बाजूने आहे. आणि खाणीच्या तोंडाशी कुणालाही जाऊ देऊ नकोस. आतली लाकडं कुजलेली असतात, आणि प्राणवायू संपलेल्या हवेला वास नसतो.

गाडी तिथल्याच एखाद्या गावातून भाड्याने घे. शहरातल्या बहुतेक भाडेकरारांत कच्च्या रस्त्यावर न्यायला मनाई असते, ते कलम वाचल्याशिवाय सही करू नकोस. तंबू फक्त आधीच्या मुक्कामांनी मळलेल्या, परवानगीच्या जागीच टाक. वरचं गवत एकदा चाकाखाली गेलं की सावरायला कित्येक वर्षं लागतात.

नवा आराखडा झाला की पाठव. दिवसाला एकच खिंड असू दे.

तुझा काका