सूरसंवाद : डावा हात भात्यावरून पट्ट्यांवर

प्रश्न : लहानपणी सुट्टीत टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमवर मारिओ खूप खेळलो, ती धून अजून डोक्यात आहे. आता मुलीसाठी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड घेतला आहे. मी भजनी मंडळात पेटी वाजवतो, त्यामुळे उजव्या हाताने धून लगेच निघाली. पण डावा हात लावला की दोन्ही हात बिघडतात. वरून रंगीत पट्ट्या पडणारे व्हिडिओ बघून शिकावं का? मंडळातले लोक म्हणतात, या वयात हा पोरखेळ कशाला? (एक वाचक, वय ४३, मिरज)

उत्तर : आधी शेवटच्या वाक्याचं बोलते, कारण त्याने मला वाईट वाटलं. जपानी संगीतकार कोजी कोंडो यांनी १९८५ साली केलेली मारिओची ही धून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२३ मध्ये जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतली. व्हिडिओ गेमच्या संगीताला तो मान पहिल्यांदाच मिळाला. मंडळाला हे जरूर सांगा.

आता डावा हात. पेटीवर तो आजवर भाता सांभाळत आला आहे. स्वर त्याने कधी शोधलेलेच नाहीत, म्हणून तो अडतो. यात वयाचा काही संबंध नाही. पेटी शिकलेले माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांचं हेच होतं. त्यांना मी पहिले काही आठवडे फक्त डाव्या हाताने वाजवायला लावते आणि उजव्या हाताची सुरावट तोंडाने गायला सांगते. तुम्हाला गाता येतं, ही मोठी सोय आहे.

त्या जुन्या यंत्राची रचनाही तुमच्या मदतीला येईल. या खेळात कोंडोंनी चारच आवाज वापरले : दोन सुरावटीचे, एक खर्जाचा आणि एक नुसत्या खरखरीचा, जो तालवाद्याचं काम करतो. खरखर सोडून द्या. वरचे दोन आवाज उजव्या हाताला, खर्ज डाव्याला. धून ऐकताना फक्त खर्जाकडे कान लावा आणि तेवढाच गुणगुणा. पांढरी एक (सी) सा धरली तर सुरुवात अशी आहे : ग ग ग, सा ग प, मग खालचा प. पण त्या पहिल्या ग च्या खाली तीव्र म आहे आणि खर्जात रे! उजव्या हाताने नुसती सुरावट वाजवली तर ती फिकी वाटते, ती याचमुळे.

तरीही मारिओची ही मुख्य धून तुम्ही आत्ता घेऊ नये, असं माझं मत आहे. ती वेगवान आहे आणि तिचे आघात मात्रेच्या अलीकडे-पलीकडे पडतात. त्याच खेळातली पाण्याखालच्या टप्प्याची धून घ्या. ती तीन मात्रांची, वॉल्ट्झच्या चालीची आहे. डाव्या हाताने पहिल्या मात्रेला खर्जाचा स्वर, दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेला कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले स्वर. हात वेगळे व्हायला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

त्यानंतर टेट्रिस या ठोकळे रचायच्या खेळाची धून. १९८९ च्या गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रावरची ती धून मुळात ‘कोरोबेनिकी’ हे रशियन लोकगीत. पांढरी सहा (ए) सा धरा : प रे ग म ग रे सा, सा ग प म ग रे. ग कोमल, पुढे येणारे ध आणि नी कोमल, म्हणजे आसावरी थाटाचे स्वर. बोटांना ते ओळखीचे वाटतील. साथीला ई मेजर कॉर्ड आली की तिच्यात शुद्ध नी असतो, तिथे दचकू नका.

पेटीची एक सवय मात्र मोडावी लागेल. भाता चालू असेतो पेटीचा स्वर टिकतो, पियानोचा स्वर दाबल्या क्षणापासून विरत जातो. त्यामुळे पट्टी किती जोरात दाबली, यालाच सगळं महत्त्व. कीबोर्डमध्ये ‘टच’ची, म्हणजे दाबण्याच्या जोरानुसार आवाज लहान-मोठा करायची सोय असेल तर ती सुरू ठेवा.

पट्ट्या पडणारे व्हिडिओ कुठली पट्टी दाबायची ते दाखवतात, पण कोणतं बोट लावायचं हे त्यांत बहुधा नसतं. अंगठा चुकीच्या जागी बसला की पुढची ओळ अडते, आणि बसलेली सवय सोडवायला फार वेळ जातो. अडलेली एखादी जागा बघायला ते चालतील. बोटांचे आकडे छापलेलं सोपं नोटेशन समोर ठेवा.

या धुनी खेळात फिरून फिरून वाजतात, त्यांना शेवट नाही. तो तुम्हाला करावा लागेल. खर्जाच्या शेवटच्या तुकड्याची तिहाई घेऊन, म्हणजे तो तीनदा वाजवून, सा वर या. मारिओच्या जपानी धुनेला ती शोभते, मी वाजवून बघितलं आहे.

मुलीला माइनक्राफ्ट हा खेळ आवडत असेल तर तिच्यासाठी त्यातली ‘वेट हँड्स’ ही धून निवडा. सुरुवातीला एका वेळी एकच स्वर आहे, लय संथ आहे, आणि ती रचना पियानोच्या आवाजातच ऐकू येते. स्वर लांबवणारं पायाचं पेडल मात्र लागेल, ते कीबोर्डला वेगळं जोडता येतं का ते मागच्या बाजूला पाहून घ्या.