पांढऱ्या अस्वलाआधी पॉलिसीचं पहिलं पान बघा

सांगलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ६०. कुपवाड एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या अकाउंट्स विभागातून मार्च २०२४ मध्ये निवृत्त झाल्या. यजमान ६४ वर्षांचे, त्यांचा छापखाना होता, तो बंद करून गाळा भाड्याने दिला आहे. मुलगी कॅनडात, व्हँकुव्हरजवळ बर्नाबीला असते. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये तिच्याकडे जायचं आणि तिथून 'ग्रेट बेअर रेनफॉरेस्ट'ची पाच दिवसांची सहल करायची, असं घरात ठरलं आहे. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरचं हे जंगल. तिथल्या आदिवासी समाजाचेच वाटाडे, रोज बोटीने फेरी, अस्वलं, देवमासे, मुखवटे, गाणी. माणशी साडेआठ हजार कॅनेडियन डॉलर. प्रश्न एका ओळीचा: "यासाठी एफडी मोडू की एफडीवर कर्ज काढू?"

उत्तरही एका ओळीत देता येईल. परतफेडीला पगार नसताना कर्ज काढू नका, आणि १६ लाखांसाठी एफडीही मोडू नका. पण पत्राच्या शेवटून तिसरी ओळ वाचली आणि सहल बाजूला राहिली. ती ओळ अशी: "एफडी कमी झाली तरी काळजी नाही, बँकेच्या गॅरंटीड पेन्शनमध्ये १२ लाख ठेवले आहेत, त्यावर पुढच्या वर्षापासून १० टक्के सुरू होतील."

ताई, तुम्ही पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो जोडलात हे फार बरं केलंत. त्यावर लिहिलेलं तुम्ही वाचलेलं दिसत नाही, म्हणून मी वाचून दाखवतो. वार्षिक हप्ता ६ लाख. हप्ते भरण्याची मुदत १० वर्षं. उत्पन्न सुरू होणार बाराव्या वर्षाअखेर. म्हणजे तुम्ही १२ लाख 'ठेवलेले' नाहीत, दहापैकी दोन हप्ते भरले आहेत. नोव्हेंबर २०२४ आणि नोव्हेंबर २०२५. तिसरा येत्या नोव्हेंबरमध्ये तुमच्या खात्यातून आपोआप जाईल. पुढच्या वर्षी मिळणार काहीच नाही. मिळायला लागेल २०३६ मध्ये, तेव्हा तुम्ही सत्तरी ओलांडलेली असेल.

राहिलेले हप्ते आठ. आठ सक अठ्ठेचाळीस. तुमच्या एफडी किती आहेत? ४८ लाख.

ज्याने ही पॉलिसी तुमच्या गळ्यात मारली त्या रिलेशनशिप मॅनेजरला हा हिशेब माहीत होता. तुमच्या पीएफ-ग्रॅच्युइटीचे ७२ लाख त्याच्याच शाखेत जमा झाले होते आणि एफडीचे आकडे त्याच्या समोरच्या स्क्रीनवर होते. "काकू, दोनदाच भरायचे, मग आयुष्यभर पेन्शन" हा त्याचा व्हॉट्सअॅप मेसेज तुम्ही पत्रात जसाच्या तसा दिला आहे. तो मेसेज जपून ठेवा, त्याचा उपयोग होणार आहे.

आता ते १० टक्के बघू. १० टक्के कशाचे? भरलेल्या एकूण हप्त्यांचे. दहा वर्षांत ६० लाख भरायचे, बाराव्या वर्षापासून पंधरा वर्षं दरसाल ६ लाख घ्यायचे, आणि शेवटी, २०५० मध्ये, ६० लाख परत. ऐकायला झकास आहे. पण पैसा आज जातो आणि बारा ते सव्वीस वर्षांनी परत येतो. तो मधला काळ धरून हिशेब केला की हा परतावा वर्षाला साडेपाच टक्क्यांच्या आसपास बसतो. तुमची साधी एफडी ७ टक्के देते आहे. शेवटचे ६० लाख येतील तेव्हा तुम्ही ८४-८५ वर्षांच्या असाल, हे तर मी हिशेबात धरलंच नाही.

"करमुक्त आहे" हेही तुम्हाला सांगितलं गेलं. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या अशा पॉलिसींचा वार्षिक हप्ता ५ लाखांच्या वर असेल, तर त्यातला नफा करमुक्त राहत नाही. तुमचा हप्ता ६ लाख. विकणाऱ्याला हा नियम माहीत नसेल तर तो अडाणी, आणि माहीत असेल तर काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

घरखर्च महिना ५५ हजार, म्हणजे वर्षाला ६.६ लाख. येणं बघा: एफडीचं व्याज सुमारे ३.३५ लाख, गाळ्याचं भाडं १.४५ लाख, पीएफबरोबरचं ईपीएसचं पेन्शन महिना तीन हजारांच्या आत. सगळं मिळून पाच लाख आणि थोडे वर. आजच वर्षाला दीड लाख कमी पडतात. त्यात ६ लाखांचा हप्ता धरला तर सहल न करताही ४८ लाख सहाव्या वर्षी संपतात. सहल केली तर चौथ्या वर्षी. महागाई मी यात धरलेलीही नाही. सहलीने खड्डा दोन वर्षं अलीकडे येतो इतकंच, तो खणला आहे पॉलिसीने.

यजमानांची सूचना अशी की १२ लाख पॉलिसीतून काढून स्मॉल कॅप, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या शेअर्सच्या फंडात टाकावेत, सहलीपर्यंत १६ होतील. सव्वा वर्षात ३३ टक्के! बाजार इतका द्यायला बांधलेला नाही, आणि तेवढ्याच काळात १२ चे ८ झाले तर अस्वल राहिलं बाजूला, तिकीटही निघणार नाही. शिवाय मोडायला गेलात तर १२ लाख हातात येणारच नाहीत. दोन हप्त्यांनंतर हमीची रक्कम भरलेल्याच्या ३० टक्के, म्हणजे ३.६ लाख. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांमुळे 'स्पेशल सरेंडर व्हॅल्यू', म्हणजे मोडताना प्रत्यक्ष मिळणारी रक्कम, त्याहून बरी असायला हवी. तुमच्या बाबतीत ती ५ ते ८ लाखांच्या दरम्यान असेल असा माझा अंदाज आहे. नेमका आकडा कंपनीकडून लेखी मागवा, शाखेतल्या माणसाकडून तोंडी नको.

पण सरेंडर ही शेवटची पायरी. आधी पूर्ण १२ लाख परत मागायचे. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती बिनशर्त परत करता येते, ती मुदत गेली. आता फसवून विकल्याची तक्रार करायची. त्याआधी कंपनीकडून दोन गोष्टी मागा: प्रपोजल फॉर्मची प्रत आणि पडताळणीच्या फोनचं रेकॉर्डिंग. फॉर्ममध्ये 'व्यवसाय' आणि 'वार्षिक उत्पन्न' हे दोन रकाने बघा. तुम्ही निवृत्त झाल्यावर आठ महिन्यांनी ही पॉलिसी निघाली आहे. तिथे 'नोकरी' आणि भलतंच मोठं उत्पन्न लिहिलेलं निघालं, तर तुमचं निम्मं काम झालं. अशा फॉर्मवर कोऱ्या रकान्यांखाली सह्या घेऊन नंतर आकडे भरलेले मी बरेचदा पाहिले आहेत. फोनवर "सगळ्याला हो म्हणा, फॉर्मॅलिटी आहे" असं तुम्हाला सांगितलं होतं ना? तेही तक्रारीत लिहा.

तक्रार आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, सोबत विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे. तिथे फी नाही, वकील लागत नाही. नकाराच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत जायचं. व्हॉट्सअॅपचा तो मेसेज छापून जोडा. तिसरा हप्ता मात्र कोणत्याही परिस्थितीत भरू नका. "न भरल्यास सगळं बुडेल" असा फोन येईलच. दोन हप्ते झाल्यामुळे पॉलिसी पूर्ण बुडत नाही, पेड-अप होते, म्हणजे पुढचे लाभ त्या प्रमाणात कमी होऊन मिळतात.

आणखी एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिली आहे: गेल्या वर्षी यजमानांची अँजिओप्लास्टी झाली आणि बिल खिशातून भरलं. कंपनीचा गट विमा निवृत्तीबरोबर संपला आणि नवा घेतलाच नाही. २६ वर्षांच्या पॉलिसीला होकार दिला आणि दवाखान्याचा विमा राहून गेला! आता घ्या. महाग पडेल, आधीच्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागेल, तरी घ्या. हा हप्ता तुमच्या ५५ हजारांत धरलेला नाही, तोही धरा.

आता सहल. या सगळ्या व्यवहारात वाजवी किमतीची हीच एक गोष्ट आहे, म्हणून तिच्यावर चार शब्द जास्त.

तुम्ही निवडलेली जागा क्लेमटू, किटासू-हायहाइस समाजाचं बेटावरचं गाव. रस्ता नाही. व्हँकुव्हरहून छोट्या विमानाने बेला बेला, पुढे बोट. सगळं भोवतालचं जंगल ६४ लाख हेक्टरांचं, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याएवढं. २०१६ च्या करारानंतर त्यातल्या ८५ टक्के जंगलात व्यापारी लाकूडतोड बंद झाली. डिसेंबर २०१७ मध्ये प्रांत सरकारने ग्रिझली अस्वलांची हौशी शिकारही थांबवली. शिकाऱ्याच्या पैशाऐवजी पाहुण्याचा पैसा गावात यावा, यासाठी या किनाऱ्यावरचे समाज वर्षानुवर्षं झगडले. साडेआठ हजार डॉलरमध्ये बोट, इंधन, वाटाडे, राहणं-जेवण आहेच. पण सप्टेंबरमध्ये सामन मासे नदीत चढतात तेव्हा कोणत्या ओढ्याच्या काठी गप्प बसून राहायचं, हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे त्यांचा तो मेहनताना आहे.

ज्या पांढऱ्या अस्वलासाठी तुम्ही निघाला आहात ते 'स्पिरिट बेअर' म्हणजे काळ्या अस्वलाचंच पांढरं रूप. आई आणि बाप दोघांकडून तो सुप्त जनुक आला तरच पिल्लू पांढरं होतं, आईबाप दोघे काळेकुट्ट असले तरीही. दिवसाउजेडी मासे पकडण्यात ते काळ्या भावंडांपेक्षा सरस ठरतं, कारण पाण्यातून वर बघणाऱ्या माशाला ते आभाळाच्या पार्श्वभूमीवर कमी जाणवतं. ते दिसेलच याची खात्री कुणी देत नाही. तुम्ही जोडलेल्या माहितीपत्रकात तसं स्वच्छ छापलं आहे. जंगलात बोट चालवणारी माणसं हे लिहून देतात, आणि वातानुकूलित शाखेतला माणूस तुम्हाला आयुष्यभराची हमी तोंडी देतो.

तरीही १६ लाख नाहीत, ताई. डॉलर ६५ रुपयांनी धरला तर दोघांचे ११ लाख, विमानभाडं ३, व्हिसा-विमा-मुक्काम १, वरखर्च १. म्हणजे तुमच्या घरखर्चाची जवळजवळ अडीच वर्षं. ज्या घरात आजच तूट आहे तिथे मी याला हो म्हणणार नाही.

सहा-साडेसहा लाखांच्या सहलीला हो म्हणेन. मुलीच्या घरी उतरा. तिथून फेरीबोटीने व्हँकुव्हर बेटावर, मग गाडीने कॅम्पबेल रिव्हर. तिथून होमाल्को समाजाचे वाटाडे बोटीने ब्यूट इनलेटमध्ये नेतात. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरात ऑर्फर्ड नदीवर ग्रिझली सामन खायला उतरतात, ती बघून संध्याकाळी परत. पुढे उत्तरेला अलर्ट बे या छोट्या बेटावर यू'मिस्टा केंद्र आहे, ते अजिबात चुकवू नका. कॅनडाने १८८५ पासून १९५१ पर्यंत या किनाऱ्यावरच्या पॉटलॅच, म्हणजे पाहुण्यांना भेटी वाटण्याच्या पारंपरिक समारंभांवर बंदी घातली होती. १९२१ मध्ये असा एक समारंभ झाला म्हणून लोकांना तुरुंगात टाकलं आणि मुखवटे जप्त केले. त्यातले पुष्कळसे मुखवटे झगडून परत मिळवून १९८० पासून तिथे मांडले आहेत. जवळच्या पाण्यात देवमाशांच्या दिवसभराच्या फेऱ्या असतात. मुक्काम, गाडी, फेऱ्या मिळून दोघांना चारएक हजार डॉलर, म्हणजे २.६ लाख. विमानभाडं ३. व्हिसा, विमा आणि किरकोळ धरून ६ च्या थोडं वर. पांढरं अस्वल मात्र इथे नाही, ते मध्य आणि उत्तर किनाऱ्यावरच.

मुलगी क्लेमटूचा खर्च स्वतः करायला तयार असेल तर आनंदाने जा. पण तिच्याशी बोलताना पॉलिसीची गोष्टही सांगा, लपवू नका.

कुठेही गेलात तरी ३० टक्के आगाऊ रक्कम या महिनाअखेर भरू नका. ती परत मिळत नाही असं माहितीपत्रकातच आहे, आणि तुमचा व्हिसा अजून झालेला नाही. व्हिसाची फी माणशी १०० डॉलर आणि बायोमेट्रिकचे ८५, एवढ्यावर आधी भागवा. प्रवास विमा घेताना अँजिओप्लास्टी लिहा. लपवलीत आणि तिथे दवाखान्यात जायची वेळ आली तर दावा नाकारतील, आणि कॅनडातलं बिल लाखांत असतं. भारतातल्या एजंटकडून पॅकेज घेतलंत तर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापला जाईल. रिटर्न भरल्यावर तो परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात.

राहिलेल्या ४८ लाखांतले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत हलवा. दर ८.२ टक्के, तिमाहीला ६१,५०० रुपये हातात. निवृत्त झाल्याझाल्याच तुम्हाला हे करता आलं असतं. मॅनेजरने "पोस्टात कटकट असते" म्हणून टाळलं, पण ही योजना त्याच्या बँकेतही मिळते. गाळ्याची किंमत तुम्ही ३५ लाख लिहिली आहे, म्हणजे भाडं जेमतेम ४ टक्के. चांगलं गिऱ्हाईक आलं तर विका. म्हातारपणाचा तुमचा खरा आधार तोच गाळा आहे.

सोमवारी शाखेत जाऊन ऑटो-डेबिट रद्द करण्याचा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. मॅनेजर चहा मागवेल आणि 'त्याहून चांगली' नवी योजना दाखवेल. चहा घ्या, सही करू नका. प्रपोजल फॉर्मची प्रत आली की मला पाठवा.