महामारीत सरकारला मोकळा हात दिला, तर लोकशाही खरंच धोक्यात येते का?

हो, येते. प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "माणसं मरत असताना कायदा काय कुरवाळत बसायचं?" जवळजवळ याच शब्दांत माझ्या धाकट्या दिरांनी मला एप्रिल 2020 मध्ये फोनवर सुनावलं होतं. म्हणून लिहायला बसले.

मी पुण्यात शिवाजीनगर कोर्टातल्या एका वकिलांकडे सव्वीस वर्षं टायपिंग केलं. राहायला पूर्व भागातल्या एका पेठेत, जुन्या वाड्यात. मिस्टरांचं डायलिसिस 2017 पासून चालू आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी चार तास.

त्याच एप्रिलमधल्या एका सोमवारी सकाळी दूध आणायला उतरले तर गल्लीचं तोंड बंद. रात्रीतून पत्रे उभे केले होते, त्यांना आडवे बांबू, सुतळीने आवळून बांधलेले. दुसऱ्या टोकालाही तेच. पलीकडे एक हवालदार खुर्ची टाकून बसले होते. त्यांना डायलिसिसची फाईल दाखवली. म्हणाले, "ताई, वरून ऑर्डर आहे, घरात बसा." मी म्हटलं, ऑर्डर दाखवा. माझ्या कामात ऑर्डर म्हणजे जावक क्रमांक, तारीख आणि खाली सही. ते म्हणाले, कागद माझ्याकडं नाही, साहेबांना विचारा. साहेब म्हणाले, महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला विचारा. तिथला फोन दुपारी दीडला उचलला गेला. उत्तर मिळालं, पत्रे पोलिसांनी लावलेत, आमचा संबंध नाही. नगरसेवकांनी फोन घेतला, भाजी पाठवतो म्हणाले, पण कागद त्यांनाही मिळेना. वहीच्या मागच्या पानावर वेळ घालून मी सगळं लिहून ठेवलं. दोन दिवसांत एकोणीस फोन.

मंगळवारी ॲम्ब्युलन्स पत्र्यापलीकडे वीस मिनिटं थांबली आणि गेली, ड्रायव्हरला पुढचा पेशंट होता. रात्री मिस्टरांना आडवं होता येईना. पाय सुजलेले, बोटाने दाबलं की खळगा तसाच राहायचा. लोडाला टेकून ते पहाटेपर्यंत बसून होते आणि मी त्यांचे श्वास मोजत होते. बुधवारी संध्याकाळी त्याच हवालदारांनी इकडंतिकडं बघून स्वतःच सुतळी सोडली. मिस्टर डावा हात छातीशी धरून वाकून बाहेर पडले. त्या हाताला फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला ऑपरेशनने जोडलेली रक्तवाहिनी, बांबू घासला असता तर रक्त थांबलं नसतं.

त्या हवालदारांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण उपकार घ्यायची वेळ का यावी? डायलिसिसला जाणं हा माझ्या नवऱ्याचा हक्क होता आणि तो एका भल्या माणसाच्या दयेवर लटकला होता. त्या जागी दुसरा कोणी असता तर?

जूनमध्ये मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. आमची गल्ली कोणत्या आदेशाने, कोणाच्या सहीने बंद केली? पहिल्या अर्जाला उत्तरच नाही. अपील केल्यावर एका ओळीचं आलं, "सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही." म्हणजे साडेतीनशे माणसं कोंडली गेली आणि कोंडलं कोणी, हे कोणालाच माहीत नाही.

माझ्या दृष्टीने धोका हाच आहे. हुकूमशाही रणगाडे घेऊन येते असं लोकांना वाटतं. ती "वरून ऑर्डर आहे" म्हणत येते, आणि "वर" म्हणजे कोण ते शेवटपर्यंत कळत नाही.

तेव्हा जो साथरोग कायदा लागू केला तो 1897 चा. इंग्रजांनी प्लेगसाठी केलेला, जेमतेम चार कलमांचा. सरकारला वाटेल ते उपाय करायची मुभा, न पाळणाऱ्याला शिक्षा, आणि सद्हेतूने काही केलं असेल तर अधिकाऱ्यावर दावा नाही. मुदत नाही, आणि आदेश विधिमंडळापुढे ठेवा असंही कुठे नाही. त्या वर्षी पुण्यात प्लेगचा इंग्रज अधिकारी रँडच्या सोजिरांनी घराघरांत घुसून काय केलं ते पुणेकरांना सांगायला नको. गोखल्यांनी विलायतेत त्याची वाच्यता केली, पण पुरावा पुढे करता आला नाही. परत आल्यावर त्यांना माफी मागावी लागली. टिळकांना त्याच वर्षी राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. कागद हातात नसला की गोखल्यांएवढ्या मोठ्या माणसालाही मान खाली घालावी लागते.

हंगेरीत 30 मार्च 2020 ला पंतप्रधान ऑर्बान यांनी संसदेकडून वटहुकमांनी राज्य करायचा अधिकार घेतला, तोही मुदत न घालता. ओरड झाल्यावर जूनमध्ये तो कायदा मागे घेतला गेला. न्यूझीलंडमध्ये त्याच काळात कडक लॉकडाऊन होता, पण सरकारला जाब विचारायला समिती नेमली आणि तिचा अध्यक्ष केला विरोधी पक्षनेत्याला. म्हणजे लॉकडाऊन आणि प्रश्न एकत्र नांदतात. आपल्याकडे संसदेच्या सप्टेंबर 2020 च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच नव्हता आणि हिवाळी अधिवेशन झालंच नाही. गुजरात सरकारने साथीचं निमित्त करून कारखान्यांत बारा तासांची पाळी आणि साध्या दराने ओव्हरटाइम लावला. सुप्रीम कोर्टाने 1 ऑक्टोबर 2020 ला तो आदेश रद्द केला. पण तोवर जे राबले ते राबलेच.

आणि सवय लागते. पुणे महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, निवडणूक झाली थेट जानेवारी 2026 मध्ये. कारण साथीचं नव्हतं, आरक्षणाचा खटला होता. पण एवढी वर्षं निवडून न आलेल्या, सरकारने नेमलेल्या प्रशासकाने कारभार हाकला आणि आमच्या वाड्यात कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

माझे दीर कोथरूडला सोसायटीत राहतात. त्यांच्या गेटवर वॉचमन होता, पत्रा नव्हता. ते म्हणाले, "वहिनी, युद्धात सैनिक प्रश्न विचारत नाही." भाऊजी, मी सैनिक नाही, आणि सैनिकालाही हुकूम कोणाचा ते माहीत असतं. नंतर दिवाळीत म्हणाले, "शेवटी झालंच ना डायलिसिस?" तेव्हा घरात पाहुणे होते, मी गप्प बसले. त्याची चुटपुट अजून आहे.

लॉकडाऊनच नको होता असं मी म्हणत नाही. आमच्याच वाड्यातली दोन माणसं त्या वर्षी गेली, आजार खरा होता. नर्सेस, सफाई कामगार, रस्त्यावरचे पोलीस यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. गल्ली बंद करायची तर करा, पण सही करा, तारीख घाला, कधी उठणार ते लिहा आणि पेशंटने कुठून जायचं तेही लिहा.

पुन्हा असं काही आलं तर पत्र्याचा फोटो काढा, वेळ लिहून ठेवा आणि आदेश मागा. माणसाच्या जिवाचा प्रश्न असेल तर माहितीच्या अधिकारात 48 तासांत उत्तर द्यावं लागतं, अर्जात ते स्पष्ट लिहा. मला तेव्हा सुचलं नाही, सव्वीस वर्षं कायद्याचे कागद टाइप करूनही.

ते एका ओळीचं उत्तर मी डायलिसिसच्या फाईलमध्येच ठेवलंय, पहिल्याच प्लॅस्टिकच्या कप्प्यात. भाऊजी हे वाचत असतील तर त्यांनी येऊन ते एकदा बघावं. मंगळवार, गुरुवार, शनिवार सोडून कधीही या.